विश्लेषण : कबड्डीची लीग टिकली, मग बास्केटबॉलची का नाही? सातारा-सांगलीच्या खेळाडूंनी यातून काय घ्यावे?

पुण्याहून बंगळूरुकडे जाणाऱ्या महामार्गावर कराड मागे पडले की थोड्याच वेळात सांगली जिल्ह्यातले कासेगाव लागते. वाळवा तालुक्यातल्या या गावचा काशिलिंग आडके २०१५ मध्ये प्रो कबड्डी लीगच्या दुसऱ्या हंगामात सर्वोत्कृष्ट चढाईपटू ठरला. तेव्हा तो दबंग दिल्लीकडून खेळत होता. सातारा-सांगलीतल्या अनेक घरांत कबड्डीचा सामना टीव्हीवर लागू लागला तो याच काळात.

त्याच वर्षी देशात आणखी एक व्यावसायिक लीग सुरू झाली. ती बास्केटबॉलची होती आणि तिचे नाव यूबीए. तिच्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स असे महाराष्ट्राचे दोन संघ होते, टीव्हीवर प्रक्षेपण होते, परदेशी खेळाडूही होते. चार छोटे हंगाम झाले आणि २०१७ नंतर ही लीग थांबली. प्रो कबड्डीचे मात्र २०२५ पर्यंत १२ हंगाम पूर्ण झाले.

दोन्ही लीग जेमतेम काही महिन्यांच्या अंतराने सुरू झाल्या होत्या. त्यातली एकच का टिकली, याचे उत्तर क्रीडारसिकांपुरते मर्यादित नाही. अकरावीत सहा फूट दोन इंच उंची गाठलेल्या मुलाने रोज संध्याकाळचे तीन तास कोर्टवर घालवावेत की अभ्यासिकेत, हा प्रश्न ज्या घरात आहे, त्या घरालाही ते माहीत असायला हवे.

भारतात बास्केटबॉल किती जुना?

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षकाने हा खेळ तयार केला. वायएमसीए संस्थेमार्फत तो भारतात पोहोचला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये झाली आणि भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला. त्यानंतर तो ऑलिंपिकमध्ये दिसलेला नाही.

महाराष्ट्रात या खेळाचे सर्वात मोठे केंद्र म्हणजे मुंबईतील नागपाडा. तिथल्या गल्लीतल्या कोर्टांवर खेळून मोठे झालेले अब्बास मुन्तासिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. सातारा आणि सांगलीत हा खेळ प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांच्या आवारात राहिला. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली आणि सैनिक शाळांमध्ये बास्केटबॉल हा नेहमीचा खेळ आहे. दोन्ही जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळतात.

म्हणजे खेळ नवा नाही आणि खेळणारेही आहेत. कमी आहे ती शिक्षण संपल्यानंतर खेळायची जागा.

व्यावसायिक लीगचे किती प्रयत्न झाले?

पहिली मोठी घोषणा २०१० मध्ये झाली. महासंघाने आयएमजी-रिलायन्सबरोबर तब्बल ३० वर्षांचा व्यावसायिक करार केला. व्यावसायिक लीग हा त्यातला मुख्य मुद्दा होता. काही खेळाडूंना दरमहा मानधन, शिष्यवृत्त्या आणि परदेशी प्रशिक्षक मिळाले. पण लीग प्रत्यक्षात आली नाही.

या कराराच्या काळातच पंजाबमधील बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. जून २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडले. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. मात्र एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीच्या मनोरंजन क्षेत्रात गेला.

दुसरा प्रयत्न यूबीएचा. ही लीग महासंघाच्या चौकटीबाहेर, खासगी उपक्रम म्हणून चालली. तिसरा प्रयत्न २०१८ मध्ये सुरू झालेल्या थ्रीबीएलचा, म्हणजे तीन विरुद्ध तीन खेळाडूंच्या लीगचा.

चौथा प्रयत्न महासंघाच्या सहभागाने झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सहा संघांची आयएनबीएल सुरू झाली. कोची आणि जयपूरनंतर तिसरी फेरी डिसेंबरमध्ये पुण्यात झाली आणि अंतिम टप्पा जानेवारी २०२३ मध्ये बंगळूरुत. चेन्नई हीट विजेते ठरले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये आयएनबीएल प्रो या नावाने नवी स्पर्धा आली. यात २५ वर्षांखालील भारतीय खेळाडूंबरोबर परदेशी खेळाडू होते. संघांची नावे मुंबई, चेन्नई, हैदराबाद, गुजरात, पंजाब आणि दिल्लीची होती. सामने मात्र दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये झाले.

मग अडले कुठे?

पहिले कारण मान्यतेचे. भारतातले बहुतेक आघाडीचे बास्केटबॉलपटू रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, प्राप्तिकर विभाग अशा ठिकाणी नोकरीला असतात. राष्ट्रीय संघातली निवड महासंघाच्या हातात असते. त्यामुळे महासंघाचा पाठिंबा नसलेल्या लीगमध्ये उतरणे म्हणजे राष्ट्रीय संघातली जागा आणि कार्यालयाची परवानगी दोन्ही पणाला लावणे. महिन्याभराच्या मानधनासाठी कायमची नोकरी धोक्यात घालायला फारसे कुणी तयार नसते.

दुसरे कारण महासंघातल्या भांडणाचे. २०१५ मध्ये, म्हणजे लीगचे वारे वाहत असतानाच, महासंघात दोन गट पडले. एका गटाने पूनम महाजन यांना अध्यक्ष निवडले, तर दुसऱ्याने के. गोविंदराज यांना. आंतरराष्ट्रीय महासंघाने गोविंदराज यांच्या गटाला मान्यता दिल्यावर हा वाद मिटला. नेमके कुणाशी बोलायचे हेच ठरत नसेल, तर गुंतवणूकदार थांबून राहतो.

तिसरे कारण सातत्याचे. एका वर्षी आठ संघ, मग काहीच नाही, मग वेगळ्या नावाचे सहा संघ, अशा क्रमात प्रेक्षकाला आपला संघ सापडत नाही. पुणे पेशवाजचा चाहता तयार होण्याआधी संघच संपला.

चौथे कारण अंतर आणि खर्चाचे. बास्केटबॉलचे कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. व्यावसायिक सामन्याला त्यावर लाकडी पृष्ठभाग, उंच छत आणि चहूबाजूंनी प्रेक्षागृह लागते. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे. मॅट गुंडाळून ट्रकमध्ये टाकता येते आणि कोणत्याही बंदिस्त सभागृहात अंथरता येते.

कबड्डीला हे कसे जमले?

कबड्डीची लीग २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली; पण पाया त्याच्या खूप आधीचा. कबड्डीच्या इतिहासात साताऱ्याचे नाव ठळक आहे. हुतूतूचे वेगवेगळे प्रकार एका नियमावलीत बसवून स्पर्धा घेण्याचा प्रयत्न १९२१ मध्ये साताऱ्यात झाला. १९२३ मध्ये नियमांत सुधारणा करून बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. १९९० मध्ये कबड्डी आशियाई स्पर्धेत आली.

याचा अर्थ लीग येण्याच्या ९३ वर्षे आधी नियम बांधायला सुरुवात झाली होती. गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा, जत्रेतले सामने, पोलीस, रेल्वे, बँका आणि तेल कंपन्यांचे संघ हे सगळे तयार होते. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने महासंघाची संमती घेऊन या तयार खेळावर लीग उभी केली. प्रक्षेपण करणाऱ्या स्टार इंडियाने २०१५ मध्ये मशाल स्पोर्ट्सचा ७४ टक्के हिस्सा घेतला. ज्याच्या वाहिनीवर सामने दिसतात तोच लीगचा मालक झाल्याने प्रसिद्धीची चिंता मिटली.

नियमही टीव्हीला साजेसे झाले. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर बाद व्हायचे. मातीऐवजी मॅट आणि चड्डी-बनियनऐवजी नाव छापलेली जर्सी आली. पहिल्या हंगामाची दर्शकसंख्या सुमारे ४३.५ कोटी असल्याचे जाहीर झाले. त्या वर्षी भारतात यापेक्षा जास्त प्रेक्षक फक्त आयपीएलला मिळाले होते.

पैसाही वाढत गेला. २०१४ च्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली होती, १२.८० लाख रुपयांची. २०१८ मध्ये मोनू गोयतला १.५१ कोटी मिळाले आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतला २.६०५ कोटी. या प्रवासात सातारा-सांगलीच्या पट्ट्यातले खेळाडूही होते. काशिलिंगप्रमाणेच सांगली जिल्ह्याचा नितीन मदने लीगमध्ये खेळला. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात इराणला २७-२५ असे हरवणाऱ्या भारतीय संघातही तो होता.

मान्यता खरेच इतकी महत्त्वाची असते का?

याचे उत्तर कबड्डीतच मिळते. मे २०१९ मध्ये इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग सुरू झाली. खेळ तोच आणि पहिला टप्पा पुण्याच्या बालेवाडीत, म्हणजे कबड्डीच्या बालेकिल्ल्यात. फरक इतकाच, की ती मूळ महासंघाऐवजी न्यू कबड्डी फेडरेशनने घेतली होती. ती एका हंगामातच आटोपली.

म्हणजे लोकप्रिय खेळही पुरेसा नसतो. प्रो कबड्डीच्या मूळ महासंघाचा कारभार निर्दोष होता असेही नाही. त्याच्या पदाधिकाऱ्यांच्या निवडीवर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बोट ठेवले आणि तिथे प्रशासक आला. पण तोपर्यंत लीगची घडी बसली होती आणि सामने थांबले नाहीत.

एनबीए तरी पहिल्या दिवसापासून यशस्वी होती का?

अजिबात नाही. बर्फावरील हॉकीची सभागृहे ज्यांच्याकडे होती, त्या मालकांनी रिकाम्या संध्याकाळी भरून काढण्यासाठी जून १९४६ मध्ये एक लीग काढली. १९४९ मध्ये ती प्रतिस्पर्धी लीगमध्ये विलीन होऊन एनबीए झाली. तेव्हा १७ संघ होते. १९५४-५५ च्या हंगामाअखेर आठच उरले.

सामने कंटाळवाणे होत होते. आघाडी मिळाली की संघ चेंडू हातात धरून वेळ काढत. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन आणि मिनियापोलिस यांच्यातील सामना अवघ्या १९-१८ असा संपला.

तोडगा साध्या भागाकारातून निघाला. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू फेकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. भागाकार केला तर उत्तर येते २४. म्हणून १९५४ पासून २४ सेकंदांत चेंडू फेकण्याचे बंधन आले. एका हंगामात संघाची सरासरी ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली. कबड्डीतल्या ३० सेकंदांच्या चढाईमागे हेच तत्त्व आहे.

पैशाची ओढाताण तरीही बरीच वर्षे राहिली. अनेक खेळाडू उन्हाळ्यात दुसरी कामे करत. १९६४ च्या ऑल-स्टार सामन्याआधी, निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत कोर्टवर उतरणार नाही, असे खेळाडूंनी ठणकावले आणि ते पदरात पाडून घेतले.

आशियात पहिली व्यावसायिक लीग १९७५ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाली. तिथे संघ शहरांचे नव्हते, कंपन्यांचे होते आणि आजही आहेत. कंपनीच खेळाडूला पगार देते आणि संघाच्या नावातून स्वतःची जाहिरात करते. भारतात रेल्वे, बँका आणि तेल कंपन्यांचे संघ दशकानुदशके आहेत. या संघांना एका लीगमध्ये आणण्याचा सोपा मार्ग मागे पडला आणि नव्याने शहरांची नावे देऊन संघ बनवण्याकडे कल राहिला.

लीग नसताना खेळाडूंचे घर कशावर चालते?

नोकरीवर. भारतीय बास्केटबॉलमधला मोठा खेळाडू विशेष भृगुवंशी ओएनजीसीत आहे. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. अमृतपाल सिंगला २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये सिडनी किंग्जने करारबद्ध केले. अमज्योत सिंग त्याच वर्षी अमेरिकेत एनबीएच्या खालच्या पातळीवरील जी लीगमध्ये पोहोचला. परदेशी लीगचे दार मोजक्यांसाठी उघडते. बाकीच्यांसाठी खेळाडू कोट्यातली नोकरी हाच आधार असतो.

कबड्डीतही चित्र फार वेगळे नाही. लीगमध्ये १२ संघ आहेत आणि प्रत्येकात १८ ते २५ खेळाडू. म्हणजे देशभरातून जास्तीत जास्त ३०० जण. अलीकडच्या लिलावांत सर्वात खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती. ही रक्कम तरुण खेळाडूसाठी मोठी असली, तरी करार हंगामापुरता असतो आणि गुडघा दुखावला की पुढच्या लिलावात नाव पुकारले जाईल याची खात्री नसते.

सातारा-सांगलीच्या खेळाडूसाठी याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट, स्पर्धेचे नाव कितीही मोठे असले तरी मान्यता कुणाची आहे ते आधी पाहावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ते मिळण्यासाठी नियमांत बसणाऱ्या स्पर्धेतली कामगिरी आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी लागते. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यानंतर ही तपासणी कडक झाली आहे. ‘राष्ट्रीय’ असा शब्द छापलेल्या, प्रवेश शुल्क घेऊन होणाऱ्या प्रत्येक स्पर्धेचा कागद नोकरीला चालत नाही. महासंघाबाहेरच्या लीगचे जे झाले, तेच छोट्या प्रमाणावर अशा प्रमाणपत्राचे होते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चौकशी करायला एक सकाळ लागते. ती न केल्यास दोन-तीन वर्षे वाया जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट, पायऱ्या ओळीने चढाव्यात. शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, कोल्हापूर विभाग आणि राज्य असा क्रम असतो. महाविद्यालयात गेल्यावर शिवाजी विद्यापीठाचा संघ आणि त्यातून आंतरविद्यापीठ स्पर्धा. जिल्हा संघटनेमार्फत राज्य अजिंक्यपद आणि त्यातून महाराष्ट्राचा संघ. विभागीय संघांचे निवडकर्ते खेळाडू शोधतात ते याच ठिकाणी.

तिसरी गोष्ट, तीन विरुद्ध तीन बास्केटबॉल. हा प्रकार अर्ध्या कोर्टवर आणि एकाच रिंगवर खेळतात. सामना १० मिनिटांचा, किंवा जो संघ आधी २१ गुण करेल त्याचा. चार खेळाडूंत संघ होतो. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. ज्या शाळेत पूर्ण कोर्ट आणि १२ मुलांचा संघ जमवणे कठीण जाते, तिथेही हा खेळ सुरू करता येतो.

चौथी गोष्ट, शिक्षण सोडू नये. एनबीएमधले खेळाडूही एकेकाळी उन्हाळ्यात दुसरे काम करत. भारतातल्या बास्केटबॉलमध्ये आज लीगचे मानधन म्हणजे फार तर वरकमाई धरावी. घरखर्चाचा हिशेब त्यावर मांडू नये.

पुढे काय?

प्रेक्षक नाहीत, ही सबब आता पुरत नाही. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे सामने झाले. पहिल्या सामन्याला सुमारे तीन हजार शालेय मुले प्रेक्षक म्हणून होती. जादा वेळेत गेलेला तो सामना पेसर्सने १३२-१३१ असा जिंकला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. आवड असलेली पिढी तयार आहे, पण तिला दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच नावाचा, शक्यतो आपल्या शहरात खेळणारा संघ हवा आहे.

येणाऱ्या कोणत्याही बास्केटबॉल लीगचे भवितव्य जोखायचे असेल, तर तीन प्रश्न पुरेसे आहेत. महासंघ तिच्या पाठीशी एकसंध उभा आहे का? नोकरदार खेळाडूंना कार्यालयांची रजा मिळते का? आणि तिसऱ्या वर्षी तेच संघ परत येतात का? कबड्डीच्या लीगकडे या तिन्हींची उत्तरे होती. बास्केटबॉलच्या आजवरच्या एकाही लीगला तिन्ही एकाच वेळी जमलेली नाहीत. ती जमेपर्यंत सातारा-सांगलीतल्या उंच मुलांसाठी शिवाजी विद्यापीठाचा संघ, महाराष्ट्राची जर्सी आणि त्यानंतर एखाद्या विभागाची नोकरी हीच खात्रीची वाट आहे.